ब्राउझरवर स्पेक्ट्रमसारखी चादर काढायचीय, वेबजीपीयू शिकू का?

जुळे_सोलापूर
मंडळी, शाळेच्या प्रदर्शनात पोरांसाठी सोलापुरी चादरीची नक्षी झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या थाटात ब्राउझरवर दाखवायचीय, रंग पोरांनीच बदलायचे. कॅनव्हासवर (वेबपानात चित्र काढायची जागा) काढली पण मोठी केली की सगळं गुळगुळीत दिसतंय, जुनी मजाच येईना. सगळे वेबजीपीयू वेबजीपीयू (ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरायची सोय) म्हणायलेत, ते घेऊ का? शाळेचे पीसी जुने आहेत.

चाटी_गल्ली
वेबजीपीयू नको भाऊ. क्रोममध्ये ते 2023 ला आलं, जुन्या पीसीवर चालेलच असं नाही, आणि स्पेक्ट्रमचा स्क्रीनच मुळात 256 बाय 192 ठिपक्यांचा, त्याला कॅनव्हास रग्गड झाला. कॅनव्हास तेवढाच ठेवा, सीएसएसनं (पानाचं रूप ठरवणारी भाषा) मोठा करा, इमेज-रेंडरिंग पिक्सेलेटेड लावा, म्हणजे ठिपके गुळगुळीत होणार नाहीत. तिप्पट चौपट असं पूर्ण पटीतच करा, अडीचपट केलं की ठिपके लहानमोठे होतात.

बेसिकवाले_काका
वरचं बरोबर आहे पण खरी मजा रंगांच्या अडचणीत होती. 8 बाय 8 च्या एका घरात दोनच रंग, इंक म्हणजे ठिपक्यांचा आणि पेपर म्हणजे मागचा. ठिपक्यांना 6144 बाइट आणि रंगांना फक्त 768, मेमरी वाचवायची म्हणून. त्यामुळं लाल माणूस हिरव्या झाडाजवळ गेला की माणूसच हिरवा व्हायचा! मामांच्या मशिनवर मी O ची कळ दाबायचो, अख्खा POKE (मेमरीत आकडा ठेवायचा हुकूम) उमटायचा, पुढं 22528,66 दिलं की वरच्या डाव्या कोपऱ्यातलं अक्षर काळ्यावर भडक लाल. आपला हात थेट मेमरीत, हे मला आजच्या कुठल्याच फ्रेमवर्कमध्ये मिळत नाही. म्हणून सांगतो, चित्र थेट काढू नका. जावास्क्रिप्टमध्ये ठिपके आणि रंग मिळून 6912 बाइटचा ॲरे (आकड्यांची यादी) करा, दर फ्रेमला त्यातूनच कॅनव्हास रंगवा आणि पोरांना त्या ॲरेतले आकडे बदलू द्या. चादरीच्या जेकार्ड मागाची डिझाइनसुद्धा चौकटीच्या कागदावर घर घर भरूनच काढतात, सोलापूरच्या पोरांना पटकन कळंल.

जुळे_सोलापूर
काका भारी! ॲरे केला, रंग बरोबर बसले, पण ठिपक्यांच्या ओळी वरखाली झाल्यात, नक्षी पार विस्कटली.

बेसिकवाले_काका
होणारच. रंगांची 32 बाय 24 घरं सरळ ओळीनं आहेत, ठिपके नाहीत. स्क्रीनचे तीन भाग धरा, प्रत्येकात 64 ओळी. मेमरीत पहिल्या ओळीमागं नववी येते, मग सतरावी, असं करत भागाच्या तळाशी पोचलं की परत वर येऊन दुसरी, दहावी. पत्ता काढायचं फंक्शन तेवढं बदला. आणि भरताना मुद्दाम हळू भरा, कॅसेटवरून चित्र लोड होताना असंच पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचं, पोरांना ते बघू द्या की.