ग्वाश वाळला की रंग बदलतो, रविवारी मेणवलीला काय करू?

उंबरठा:
नमस्कार मंडळी. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला पोस्टर कलर वापरले होते, त्यानंतर थेट आता पन्नाशीत एका आउटडोअर स्केचिंग कार्यशाळेत ग्वाश (डिंकात बांधलेला, पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग) हातात धरलाय. येत्या रविवारी आम्हाला वाईजवळ मेणवलीला नेणार आहेत, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर.

दगडाचा रंग पॅलेटवर अगदी हवा तसा जमतो, पण कागदावर वाळला की खडू फासल्यासारखा फिका. उन्हातल्या भिंतीचा पिवळट रंग मात्र उलटा वागतो, वाळून मळकट होतो. त्यावर सावलीचा हात द्यावा तर खालचा थर उठून सगळा चिखल. सर म्हणतात, सवयीने कळेल. कळेल हो, पण रविवार तोंडावर आलाय! शिवाय घाट पडला काळ्या दगडाचा. काळी ट्यूब वापरावी की नाही यावरून वर्गात दोन पार्ट्या झाल्यात.

झटपट:
अॅक्रिलिक ग्वाश घ्या. वाळला की पाण्याने उठत नाही. विषय संपला.

जुना_लेआउटवाला:
विषय संपला नाही, झटपटराव. अॅक्रिलिक उघड्यावर पॅलेटमध्येच वाळून बसतो आणि मग तो कुठल्याच पाण्याला दाद देत नाही. ग्वाशची निम्मी मजा तो पुन्हा ओला होण्यात आहे. कडा मऊ करायची असेल तर नुसता ओलसर ब्रश फिरवला की झालं.

ताई, मी कमर्शियल आर्टवाला. कॉम्प्युटर यायच्या आधी आमचे लेआउट पोस्टर कलरवरच व्हायचे. आमच्या लाइनीत ग्वाशला मान होता तो एका कारणासाठी: रंग सपाट बसतो, चकाकत नाही, कॅमेऱ्याखाली धरला तरी चकाकीचा डाग येत नाही. तुम्हाला छळतोय तोही हाच मॅटपणा. ओल्या रंगावर पाण्याचा थर असतो तोवर गडद रंग खोल दिसतो; पाणी उडालं की पृष्ठभागावर उजेड विखुरतो आणि तोच रंग फिका वाटतो. पांढरा मिसळलेले उजळ रंग सहसा उलटे, थोडे गडद वाळतात. म्हणजे तुमचे डोळे ठीक आहेत.

त्यामुळे ओल्या रंगावर विश्वास ठेवायचाच नाही. ज्या कागदावर चित्र करणार त्याचीच एक पट्टी कापून जवळ ठेवा. मिश्रण आधी पट्टीवर लावा, उन्हात वाळू द्या, मग चित्राशेजारी धरून बघा. कंटाळवाणं आहे, पण एकदा घाटाचे चार टोन (फिक्या-गडदपणाच्या पायऱ्या) असे वाळवून ठरवले की पुढे हात धावतो. आणि आधी टोन, मग रंग. डोळे किलकिले करून बघा: पायरीचा आडवा माथा आकाशाचा उजेड घेतो, उभा भाग घेत नाही. एवढा फरक नीट पकडलात तर पायऱ्या मोजत बसावं लागत नाही. पाण्यालगतच्या भिजलेल्या पायऱ्या कोरड्यांपेक्षा बऱ्याच गडद असतात, हे विसरून लोक सगळा घाट एका रंगात रंगवतात.

काळी ट्यूब घरी ठेवा. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. निळा वाढवला की सावलीतला दगड, सिएना वाढवला की उन्हातला. पांढरा मात्र मोठ्या ट्यूबमध्ये न्या, सगळ्यात आधी तोच संपतो. पण प्रत्येक उजळ रंगात तो ओतू नका, खडू तिथूनच येतो. उन्हातली भिंत यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्यात) थोडा लेमन यलो घालून उजळवा, पांढरा अगदी शेवटी, नखभर.

थर उठतो कारण दुसऱ्या हातात पाणी जास्त असतं. पहिला थर ताकासारखा, दुसरा सायीसारखा. मऊ सिंथेटिक फ्लॅट ब्रश, एकच फटका, आणि उचला. घासलंत की खालच्या थरातला डिंक विरघळलाच म्हणून समजा. सायीच्याही पुढे, ढेकळासारखा लावू नका, वाळून तडकतो.

वाईकर:
आमच्या गावाकडे येताय म्हणून दोन शब्द. सकाळी लवकर या, दुपारी दगड असा तापतो की टेकवत नाही. शूटिंग असेल तर घाटावर गर्दी होते, चौकशी करून निघा. सावलीतच बसा. भर उन्हात पांढरा कागद इतका डोळ्यांवर येतो की रंग आपसूक गडद लावले जातात, आणि घरी दिव्याखाली चित्र काळवंडलेलं दिसतं. पॅलेटवर मारायला पाण्याचा फवारा आणा. आणि घाटावरच्या छोट्या देवळातली घंटा बघितल्याशिवाय जाऊ नका. चिमाजी अप्पांनी वसई घेतली तिथली, पोर्तुगीजांची.

उंबरठा:
जुना_लेआउटवाला, पट्टी करून बघितली. दगडाचा रंग वाळल्यावर दोन टोन फिका पडतोय, आता तेवढा गडदच कालवते. काका, आणखी एक: पाण्यातलं प्रतिबिंब कसं करू? घाटाचाच रंग वापरला तर चालेल?

जुना_लेआउटवाला:
तोच नको. प्रतिबिंबात गडद भाग जरा उजळ आणि उजळ भाग जरा गडद घ्या, दोन्ही एकमेकांकडे सरकवा. फटके आधी उभे, वाळल्यावर एखादीच आडवी रेघ. आणि कागद वहीच्या पानाएवढाच घ्या. दोन तासांत सावल्या सरकतात, मोठा कागद भरेपर्यंत घाट दुसराच झालेला असतो. सावल्यांच्या कडा बसल्याबरोबर पेन्सिलीने आखून टाका. नंतर ऊन कितीही सरकलं तरी त्या बदलायच्या नाहीत.

झटपट:
बरं बाबा, अॅक्रिलिक मागे घेतो. रविवारचं चित्र इथे टाका.