मदत हवी आहे: नियमांचे ‘उल्लंघन’ की नियमांचा ‘भंग’?

नमस्कार मंडळी. कोथरूडला राहतो. सोसायटीच्या कमिटीत नुकताच गेलोय आणि पहिलंच काम गळ्यात पडलं ते पार्किंगच्या नोटिशीचं. मी लिहिलं, ‘उपविधींचे उल्लंघन केल्यास कारवाई होईल.’ तळमजल्यावरचे आजोबा (मराठीचे निवृत्त शिक्षक, लाल पेन कायम खिशात) म्हणाले, “उल्लंघन म्हणजे ओलांडणं. दसऱ्याला सीमोल्लंघन करतो, तो काय गुन्हा? इथे भंगच हवा.” दुसऱ्या एकांनी ‘अतिक्रमण’ सुचवलं. पण पुण्यात तो शब्द काढला की फुटपाथवरच्या टपऱ्या आणि महापालिकेची गाडीच डोळ्यांसमोर येते.

शिस्तभंग, हक्कभंग, करारभंग असंच म्हणतात, हे खरं. 1930 ची चळवळही सविनय कायदेभंगाचीच. मग ‘वाहतूक नियमांचे उल्लंघन’ कसं काय चालतं? आचारसंहितेच्या बातम्यांत तर दोन्ही दिसतात. दोन्हींच्या अर्थामध्ये काही फरक आहे का? शिवाय टाइप करून आलेल्या प्रतीत ‘उलंघन’ आहे, ते बरोबर का? नोटीस उद्या सकाळी लावायचीय.

प्रतिसाद 1:
‘उलंघन’ चूक. उद् + लंघन, पुढच्या ल मुळे द् चा ल् होतो. ‘उल्लेख’मध्ये होतो तसाच. लंघन म्हणजे मुळात ओलांडणं. (आजारपणात काढतो ते लंघनही हेच, जेवणाची वेळ ओलांडायची!)
आजोबांचा अर्थ बरोबर, निष्कर्ष नाही. नियम ही आखलेली रेघ मानली, तर ती ओलांडणं हे उल्लंघन. वचन, शांतता, करार या अखंड राहायच्या गोष्टी, त्यांचा भंग होतो. ‘शांततेचे उल्लंघन’ कुणी म्हणत नाही आणि ‘वेगमर्यादेचा भंग’ माझ्या तरी कानाला खटकतो. नियमाला दोन्ही चालतात. समास करायचा तर भंग सुटसुटीत, एवढंच. फक्त उल्लंघन ‘केले’ आणि भंग ‘केला’, हे सांभाळा.
खरं तर ‘दुसऱ्याच्या जागेत गाडी लावू नये’ असं सरळ का लिहीत नाही?

धागाकर्ता:
आभार! सरळ लिहिलं तर नोटीस वाटत नाही, असं अध्यक्षांचं म्हणणं. दोन ल देऊन ‘उल्लंघन’ लावतोय. आजोबा आता ‘उपविधी’ की ‘पोटनियम’ यावर अडलेत, त्याचा वेगळा धागा काढतो.