व्हेटोचं मत सगळ्यांना नको

प्रीमियर लीगच्या फँटसी फुटबॉलमध्ये, म्हणजे FPL ड्राफ्टमध्ये (एक खेळाडू लीगमधल्या एकाच टीमकडं), दोघांनी ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल केली की ती अडवायची का, यावर लीगमधल्या सगळ्यांनी मतदान करावं, असं वर दादांनी सुचवलंय. मला नाही पटलं. मत देणारा सौदा बरोबर आहे का हे बघतच नाही, समोरच्याची टीम तगडी होतेय का तेवढंच बघतो. आमच्या लातूरच्या ग्रुपात तर मामा-भाचे, साडू, सगळेच भरलेत. मतं नात्यावर पडणार.

एखाद्यानं येड्यासारखा सौदा केला तर करू द्या, टीम त्याची. अडवायची ती मिलीभगत. ड्राफ्टमध्ये २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड असा साचा पाळावा लागतो, म्हणून फॉरवर्डच्या बदल्यात फॉरवर्डच येतो. पण आपल्या लीगमध्ये तळाला गेलेला गडी एप्रिलात, सीझन संपत आल्यावर, हालंडसारखा हुकमी फॉरवर्ड देऊन मित्राचा बाकावरचा पोरगा घेतो, तेव्हा समजून जायचं. म्हणून ट्रेड फेब्रुवारीअखेर बंद, आणि हे सीझनच्या आधीच सांगायचं.

वेव्हरचं, म्हणजे कुणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूसाठी अर्ज टाकायच्या पद्धतीचं, दुखणं वेगळंय. टीम लावायची डेडलाइन पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी असते, आणि अर्ज त्या डेडलाइनच्या २४ तास आधी निकाली निघतात. शनिवारचा पहिला सामना इंग्लंडच्या दुपारी साडेबाराला असेल तर हिवाळ्यात आपल्याकडं शुक्रवारी दुपारी ४:३० ला. तेव्हा आडतीवरचा माणूस मोंढ्यात अडकलेला असतो. त्यानंतर उरलेले खेळाडू जो आधी उचलेल त्याचे, मग कॉलेजची रिकामी पोरं बाजी मारतात. त्यापेक्षा गुरुवारी रात्रीच पसंतीक्रम लावून यादी टाकून ठेवा, तेवढी सोय आहे ॲपमध्ये.

आणि ट्रेडला होकार-नकार देणाऱ्या ॲडमिनचा (लीग चालवणाऱ्याचा) स्वतःचा ट्रेड असला की निकाल दुसऱ्यानं द्यायचा. कोणी, ते आधीच ठरवा.