घडीचं मिलिटरी फावडं घ्यावं का? (पारसिकच्या डोंगरासाठी)

ऐरोलीचा_अण्णा:
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही सात-आठ जण रविवारी पारसिकच्या डोंगरावर जातो. आधी लावलेली झाडं जगवायची, म्हणजे आळी करायची, गवत काढायचं, उतारावर छोटे बांध घालायचे. सध्या सोसायटीच्या माळीकाकांचं फावडं नेतो. ट्रान्स हार्बर लोकलमध्ये एवढा लांब दांडा घेऊन उभं राहिलं की लोक वाट सोडतात, तेवढाच काय तो फायदा. ऑनलाइन तीन घड्यांची फावडी दिसतात. करवत, होकायंत्र, शिट्टी, सगळं एकातच. सॅकमध्ये मावेल असं हवं, बजेट १५०० रुपये. कोणी वापरलंय?

खारघर_भटक्या:
वापरलंय, म्हणून सांगतो, नको. पातं काटकोनात लावून कुदळीसारखं हाणलं, तर पाचव्या-सहाव्या घावाला सांध्याचा रिव्हेट ढिला झाला आणि पातं बोळक्यातल्या दातासारखं हलायला लागलं. वर आवळायच्या रिंगच्या आट्यांत मुरुमाची कणी अडकली. ती रिंग ना सुटे ना बसे. घरी येताना ते फावडं उघडंच मांडीवर घेऊन बसलो होतो. होकायंत्र मात्र अजून उत्तर दाखवतं.

खटावचा_बापू:
अण्णा, हत्यार वाईट नाही, काम वेगळं आहे. सैनिकाचं आखूड फावडं मुळात गोळीबारात आडवं पडून खणायला बनलं. डेन्मार्कच्या लिनेमान नावाच्या अधिकाऱ्यानं १८६९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याला घडी नव्हतीच, आखूड लाकडी दांडा आणि पातं. त्याच घराण्यातलं रशियन फावडं ५० सेंटिमीटरचं, त्यालाही सांधा नाही. घडीचा प्रकार दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि अमेरिकन सैन्यात रुळला. काटकोनात लावून ओढायची सोय त्यातच आली, आणि सगळा जोर सांध्यावर यायला लागला तोही तिथूनच.

आपल्याकडे वर दोन बोटं माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. तिथे आधी फोडायचं, मग उपसायचं. म्हणून छोटी कुदळ घ्या. दांडा दीड फुटाचा, बाभळीचा असेल तर उत्तम, आणि वरून घालायचा, म्हणजे तुंब्याकडे (लोखंडातल्या दांडा बसवायच्या भोकाकडे) जाड होत जाणारा. घाव घालाल तसा तो आवळत जातो. घरी निघताना लोखंड वर करून दांडा उभा धरा, मुठीकडचं टोक दगडावर आपटलं की लोखंड खाली सरकतं, सॅकमध्ये दोन्ही वेगळं ठेवा. पाचर ठोकलेली घेऊ नका, ती निघत नाही. उपसायला जुनं घमेलं नाहीतर नारळाची करवंटीसुद्धा चालते.

कळव्याची_ताई:
बापूकाकांशी सहमत, पण घडीच्या फावड्याला एकदम मोडीत काढू नका. माझं गाडीच्या डिकीत तीन पावसाळे आहे. चिखलात रुतलेल्या चाकाखालचा गाळ काढायला आखूड फावडंच बरं पडतं, लांब दांडा गाडीखाली अडतो. कॅम्पला शौचासाठी सहा ते आठ इंच खड्डा घ्यायलाही तेच, पाण्यापासून २०० फूट तरी लांब. घेणार असाल तर दुकानात हातात घेऊन उघडा, रिंग आवळा आणि पातं हलवून बघा. नवं असतानाच डुगडुगलं तर तिथेच ठेवून या. करवतीचे दात बघून भुलू नका, त्यानं काकडीसुद्धा कापली जात नाही.

आणि हो, येऊरला नेऊ नका हं. तो भाग राष्ट्रीय उद्यानाचा आहे, परवानगीशिवाय खणायचं नाही. पारसिकलाही विचारून घेतलंय ना?

ऐरोलीचा_अण्णा:
हो ताई, झाडं लावतानाच रीतसर विचारलं होतं.

बापू, कुदळ मिळाली, अगदी तुम्ही सांगितली तशी. काल पाच आळी केली, दांडा जागचा हलला नाही. दगडावर आपटून काढायला मात्र तीन वेळा आपटावा लागला, तेवढं चालतं का? बाकी माळीकाकांनी त्यांचं फावडं परत घेतलं. पातं बोटानं चाचपून म्हणाले, “दोन इंच झिजवलंत की!”