मृग कोरडा गेला, तरी अप्पा खरे कसे?

परभणीची_सेटवाली: सेटसाठी (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) तर्कशास्त्र वाचतेय. आमचे अप्पा म्हणले होते, "मृगात पाऊस पडला तर सोयाबीन पेरतो." मृग कोरडा गेला. सत्यता कोष्टक (भाग खरे की खोटे यावरून अख्खं विधान खरं की खोटं, हे सांगणारा तक्ता) म्हणतं, अप्पांचं विधान खरं. पण मग "मृगात पाऊस पडला तर पेरत नाही" हेही खरंच निघतं! हे कसं काय?

गोदाकाठ: पूर्वांग, म्हणजे 'जर'चा भाग, खोटं की विधान खरं. पेपरात एवढंच लिहा, मार्क मिळतात.

जुना_मास्तर_अंबाजोगाई: मार्क मिळतील, पोरीचा प्रश्न तसाच राहील.

बेटा, कोष्टक अप्पांना एकाच ठिकाणी पकडतं: पाऊस पडला आणि तिफण धरली नाही. पावसाचा पेरणीशी संबंध काय, हे ते विचारतच नाही. सी. आय. लुईस या तर्कशास्त्रज्ञाला हेच खटकलं. १९१२ पासून तो यावर लिहीत होता. त्याची अट कडक: पाऊस पडूनही पेरणी न होणं अशक्य असेल, तरच जर-तर खरं. मोडल लॉजिकचा, म्हणजे शक्य-अशक्याच्या तर्कशास्त्राचा, आजचा पसारा तिथून वाढला. 'अशक्य' म्हणजे कुठल्याच शक्य जगात नाही, याची चोख मांडणी पुढं क्रिपके या तर्कशास्त्रज्ञानं केली. १९५९ मध्ये त्याचा निबंध छापून आला तेव्हा पोरगा अठराचा होता!

पण ही अट लावली तर अप्पा खोटे. पाऊस पडला पण बैल आजारी, असंही जग शक्य आहेच की. माणसाचा कुठलाच शब्द या अटीत टिकायचा नाही. आणि पूर्वांगामुळं काहीही खरं ठरायची खोड गेली नाही ती नाहीच. "दोन नि दोन पाच झाले तर गोदावरी उलटी वाहील" हे लुईसच्या हिशोबातही खरं, कारण पूर्वांगच अशक्य. त्यानं ते लपवलं नाही, उलट सिद्धता देऊन पदरात घेतलं.

परभणीची_सेटवाली: मग अप्पांचं काय, सर?

जुना_मास्तर_अंबाजोगाई: स्टॅलनेकर (१९६८) आणि डेव्हिड लुईस (१९७३) हे तत्त्वज्ञ वाच. हा लुईस वेगळा, पेपरात घोळ घालू नकोस. ते म्हणतात, सगळी जगं नको, आपल्या जगाला सगळ्यात जवळची तेवढी बघ. तेच घर, तेच बैल, फक्त पाऊस पडलेला. बियाणं घरात होतं का?

परभणीची_सेटवाली: मे महिन्यातच थैल्या आणून ठेवल्या होत्या.

जुना_मास्तर_अंबाजोगाई: मग अप्पा खरे. आणि "पेरत नाही" हे खोटं.

गोदाकाठ: जवळचं जग कोणतं हे ठरवणार कोण, मास्तर? सरकारी मोजणी लावायची का?

जुना_मास्तर_अंबाजोगाई: डेव्हिड लुईसनं ते मोघमच ठेवलंय, आणि जाणूनबुजून. आपण तरी बोलताना कुठं नेमकं असतो?