विषय: रि: रि: बाबांची जुनी पॅलिओ थोडी खाली बसवायचीय, बजेट कमी, सल्ला द्या

फ्रॉम: घोडबंदरवाला (आधी रेडिंग, आता कासारवडवली)

मंडळी नमस्कार,

इंग्लंडहून परत येऊन वर्ष झालं तरी या मेलिंग लिस्टवरून नाव काढलेलं नाही, इथे मेट्रोच्या कामात अडकून तुमच्या गणपतीच्या हॉल बुकिंगची भांडणं वाचायला मजा येते. असो, कामाचं बोलतो.

बाबांची २००२ ची फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स अजून चालू आहे. सचिन जाहिरात करायचा तीच पॅलिओ. शंभर घोड्यांचं इंजिन, त्या काळी मध्यमवर्गीय घरात स्पोर्ट्स कार म्हणून मिरवता येईल अशी हीच, आणि इंजिन आजही खेचतं. पण उभी असली की मागून उंच दिसते, टायर आणि मडगार्डच्या मधे अख्खी मूठ जाते, आणि पामबीचवर जरा वेगात लेन बदलली की डुलते. मला ती खाली बसवायचीय. कॉइलओव्हरची (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) किंमत विचारली आणि थँक्यू म्हणून फोन ठेवला. तीस हजार आहेत, त्यात जे होईल ते. वागळे इस्टेटमधला एक गॅरेजवाला म्हणतो, साहेब स्प्रिंगचे दोन-दोन वेढे कापून टाकू, दीड हजार द्या, संध्याकाळी गाडी न्या.

कापू द्यावं का? स्लाउच्या दादाकडे मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) आहे आणि ऐरोलीच्या काकांनी आयुष्यभर गाड्यांचं हेच काम केलंय म्हणून इथे विचारतोय, बाकीच्यांनी माफ करा.

घोडबंदरवाला

---

फ्रॉम: ऐरोलीकर काका

अरे बाबा, संध्याकाळी गाडी नेशील आणि सकाळी परत आणशील. दोन वेढे फार होतात.

तू दोन तक्रारी एकत्र करतोयस. उंच दिसते ही एक आणि डुलते ही दुसरी. डुलण्याचा उंचीशी संबंध थोडा, शॉकअपशी जास्त. वीस वर्षांच्या गाडीचे शॉकअप बदलले नसतील तर आत तेल नावालाच उरलं असणार, वर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) रबरी बुश आणि अँटीरोल बारचे (गाडी कलण्यापासून रोखणारी सळई) लिंक रॉड खुळखुळत असणार. अशा गाडीत नवीन लोअरिंग स्प्रिंग टाकल्या तरी ती खाली बसून डुलेल, एवढाच फरक. तीस हजारातले पहिले पैसे चार चांगले शॉकअप, पुढची वरची माउंट, बुश आणि लिंक रॉड यांना. उरले तर स्प्रिंगला. कोणी उलट सांगितलं तर त्याला स्प्रिंग विकायचीय असं समज.

दुसरं म्हणजे पॅलिओला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र आणि खाली एकच आर्म. यात लोअर आर्म साधारण आडवा असतो किंवा चाकाकडे किंचित उतरता. गाडी खाली आणलीस की त्याचं चाकाकडचं टोक वर जातं, आणि आर्म तसा उलटा झाला की रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) धाडकन खाली जातो. गाडीच्या वजनाचा मध्य खाली आला इंचभर आणि रोल सेंटर त्याहून जास्त. मग वळणावर बॉडीला कलायला उलट लांब दांडा मिळतो. म्हणजे खाली केलेली गाडी जास्त कलते, बऱ्याच पोरांना हे पटत नाही पण भूमिती आहे, वाद घालून बदलत नाही. टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) कोनही बिघडतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातात ओढतं. रस्त्यावरच्या मॅकफर्सनवाल्या गाडीला मी वीस-पंचवीस मिलिमीटरच्या पुढे जाऊ देत नाही.

आणि आधी मोज. जमिनीपासून नको, टायरची हवा आणि झीज मधे येते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपरे, सपाट जागेवर, गाडीत कोणी न बसता. डावी-उजवी बाजू सेंटिमीटरभर वेगळी आली तर स्प्रिंगचा खालचा वेढा कपातच तुटलेला आहे का बघ, जुन्या गाड्यांत हे कायम सापडतं आणि वरून दिसत नाही.

हो, अजून एक, मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर कोंबलेत का तेही बघ. आपल्याकडे अर्धं गाव ते टाकून गाडी उचलतं.

काका

---

फ्रॉम: खारघरची ताई

काकांनी भूमिती सांगितली, मी थोडं गणित सांगते, कंटाळा आला तर डिलीट करा.

स्प्रिंग कापली की दोन गोष्टी होतात, उंची कमी होते आणि उरलेली स्प्रिंग कडक होते. कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. समजा (हे पॅलिओचे आकडे नाहीत, हिशोबापुरते धरलेत) स्प्रिंगला सहा कामाचे वेढे आहेत आणि एक कापला, तर ती ६/५ म्हणजे १.२ पट कडक झाली. ऐकायला बरं वाटतं. आता दुसरी बाजू बघ. गाडी उभी असताना चाकाला बंप स्टॉपपर्यंत (जिथे चाकाचं वर जाणं थांबतं तो रबरी अडसर) वर जायला समजा ६० मिमी जागा होती आणि तू गाडी २५ मिमी खाली आणलीस, तर उरले ३५. खड्ड्याचा धक्का तोच आहे, तो स्प्रिंगने आता ६० ऐवजी ३५ मध्ये पचवायचा. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा जागेच्या वर्गाने जाते, म्हणून तोच धक्का बंप स्टॉपला न आपटता पचवायला स्प्रिंग जवळपास तिप्पट कडक हवी. हवी तिप्पट, कापून मिळाली १.२ पट. स्प्रिंग कापलेल्या गाड्या धाड धाड आपटतात त्याचं कारण हे, आणि तो प्रत्येक दणका शॉकअपच्या वरच्या माउंटवर जातो.

आणि मागे पॅलिओला टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) आहे, स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी नुसती दोन कपांत बसलेली असते. ती आखूड केलीस आणि चाक पूर्ण खाली लोंबलं (मोठ्या गतिरोधकावरून जरा जोरात उतरलं की लोंबतंच) तर स्प्रिंग सैल होऊन कपातून सरकू शकते. काही कापलं-बदललंस तर जॅकवर दोन्ही मागची चाकं लोंबकळत ठेव आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघ. फिरली तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नकोस, विषय संपला. गॅसचा जाळ देऊन स्प्रिंग बसवून देतो म्हणणारेही भेटतील, त्यांच्या गॅरेजसमोर गाडी पार्क पण करू नकोस. जाळाने स्टीलचं पाणी (टेम्पर) जातं आणि कुठून तुटेल कोणी सांगू शकत नाही.

खाली करण्याआधी एक फुकटातली परीक्षा. २५ मिमी जाडीचा थर्माकोल आण, तुकडे करून इंजिनच्या चेंबरखाली (तेलाच्या टाकीखाली), सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या भागाला आणि पुढच्या बंपरच्या ओठाला टेपने चिकटव. सायलेन्सर गार असताना, नाहीतर वितळेल. मग घरचे चौघं बसवून सोसायटीच्या पोडियमचा रॅम्प उतर, रोजचे गतिरोधक घे. थर्माकोल शाबूत आला तर तेवढी जागा आहे. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून बहुतेक कुठलीही गाडी जाते. पण सोसायट्यांनी सिमेंट ओतून घरगुती केलेले जे आहेत ना, त्यांना माप नाही, नुसती श्रद्धा आहे.

ताई

---

फ्रॉम: लिस्ट अ‍ॅडमिन

चालू द्या, पण सब्जेक्टमध्ये "गाडी" शब्द ठेवा, काहींनी हे कोजागिरीचं कॅटरिंग समजून उघडलं. आणि प्रत्येक रिप्लायखाली आधीचे सगळे मेल चिकटवू नका प्लीज.

---

फ्रॉम: स्लाउवाला

मित्रा, माझ्याकडची एमएक्स-५ (अमेरिकेत मियाटा म्हणतात, इथे नाही, तू टीव्ही जास्त बघतोस) १९९९ ची १.८ आहे आणि तिची गोष्ट वेगळी. तिला चारी बाजूला डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म. खाली आणलं की चाकं आपोआप थोडी आत कलतात आणि वळणावर ते कामाला येतं, शिवाय कॅम्बर, टो (चाकांचे कोन) सगळं फिरवता येतं, आर्मच्या मुळाशी एक्सेंट्रिक (मध्य सरकलेले) बोल्ट असतात त्याने. तुझ्या मागच्या बीमला फिरवण्यासारखं काही नाही, जे आहे ते आहे. म्हणून इथले यूट्यूब व्हिडिओ बघून आकडे उचलू नकोस. एमएक्स-५ मध्येही स्प्रिंग आर्मवर चाकाच्या बरीच आत बसते त्यामुळे स्प्रिंग १० मिमी आखूड केली की चाकापाशी त्याहून जास्त उतरते, स्ट्रटला ते जवळपास एकास एक असतं.

पण दुखणं सारखंच. या गाडीलाही मुळात बंप स्टॉपपर्यंत जागा कमी, चाळीस मिमी खाली आणली की ती स्प्रिंगवर कमी आणि स्टॉपवर जास्त चालते. इथे स्वस्तात करणारे सगळे फक्त स्प्रिंगचा सेट टाकतात आणि जुन्या शॉकवर तशीच पळवतात. काकांशी शंभर टक्के सहमत, शॉक आधी. दुसरं, रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नकोस. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, लोंबत्या चाकावर आवळलंस तर गाडी खाली ठेवल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. चाकं जमिनीवर टेकवून, वजन पडल्यावर आवळ. गॅरेजवाले हे करत नाहीत कारण खाली वाकावं लागतं.

इकडे खाली केलेली गाडी इन्शुरन्सला कळवावी लागते आणि एमओटीला (गाडीच्या वार्षिक तपासणीला) टायर कुठे घासतो का, हेडलाइट कुठे पडतो ते बघतात. तिकडचं तिकडच्यांनी सांगावं.

---

फ्रॉम: ऐरोलीकर काका

तिकडचं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर नोंदलेल्या कंपनीच्या तपशिलांत फरक पडेल असा बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं आलं. शॉकअप, बुश कंपनीच्या मापाचे बदलणं ही दुरुस्ती झाली, त्याला कोणी काही म्हणत नाही. कापलेली स्प्रिंग म्हणजे आयतं निमित्त. तुझी गाडी २००२ ची, म्हणजे १५ वर्षं झाल्यावर २०१७ ला आणि मग २०२२ ला रिन्यूअल झालं असणार, पुढचं २०२७ ला. तेव्हा ठाणे आरटीओला गाडी दाखवायला न्यायचीय, ते डोक्यात ठेवून काय ते कर.

---

फ्रॉम: घोडबंदरवाला

काका, तुमच्या पाया पडतो.

रविवारी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. मागच्या दोन्ही स्प्रिंगमध्ये रबरी बफर! बाबांना विचारलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, हो मग, गावाला जाताना आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडी बसायची, मीच टाकून घेतले. म्हणजे इतकी वर्षं आम्ही आंब्याच्या मापाने उचललेली गाडी चालवतोय. काढले, साबणाच्या पाण्याने पण अर्धा तास झटापट केली, आणि मागची बाजू मोजून १८ मिलिमीटर खाली आली, फुकटात. मागचे बारीक दणकेपण कमी झाले, ते बफर वेढे अडवून ठेवत होते म्हणूनच असणार ना ताई?

पुढची डावी बाजू उजवीपेक्षा ११ मिमी खाली आहे, त्यामुळे तुटका वेढा निघेल असं वाटतंय. थर्माकोल लावून गाडी काढली, गायमुखपर्यंत जाऊन आलो, ओठ वाचला पण पोडियमच्या रॅम्पच्या टोकाला चेंबरखालचा तुकडा भुगा. म्हणजे पुढून २५ नाहीच. आता ठरवलंय: पुढच्या दोन्ही स्प्रिंग नव्या, कंपनीच्याच मापाच्या, चार शॉकअप, वरची माउंट, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइट. ऑपेरा हाऊसला चौकशी केली, शॉकअप मिळतायत, पुढची माउंट मिळत नाहीयेत. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी मिळतील पण जुन्या रबरावर माझा विश्वास नाही.

दोन प्रश्न. सिएनाची माउंट बसतील का? आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) कोणाकडे आहे? गॅरेजवाला दोरीने बांधून उघडतो म्हणाला, तिथून निघून आलो.

---

फ्रॉम: ऐरोलीकर काका

सिएना त्याच घरातली, बसायला हवीत, पण तुझं जुनं माउंट काढून हातात घेऊन दुकानात जा आणि शेजारी ठेवून भोकं जुळव, फोनवर ऑर्डर देऊ नकोस. कॉम्प्रेसर माझ्याकडे आहे. शनिवारी ये, ऐरोली सेक्टर आठ, नऊच्या आत ये, नंतर ऊन लागतं. शॉकअप जोडीने घे, एक-एक नाही. आणि पंधराचा सॉकेट आण, माझा कोणीतरी नेलाय तो परत आलेला नाही, लिस्टवरच असेल तो माणूस.