मेव्हनची बडबड कमी करायची आहे, पण वॉर्निंग दिसायला हव्यात

प्रश्न (देवगड)
मी देवगड तालुक्यातल्या गावी घरून काम करतो. जावाचा बिल्ड, म्हणजे कोड कंपाइल करून टेस्ट चालवणं, मेव्हन या टूलने होतो; तो पुण्यातल्या मशीनवर एसएसएचने (इथून दुरून जोडून) चालवतो. घरात रेंज मिळते ती पडवीच्या एका कोपऱ्यात, आणि पाऊस लागला की तीही टूजीवर येते. अशा लाइनवर 'डाउनलोडिंग', 'डाउनलोडेड'च्या ओळी येतच राहतात. तिकडे बिल्ड संपलेला असतो, इकडे माझा पडदा अजून मागच्याच ओळी दाखवतोय.

काल मेव्हनला -क्यू (क्वाएट, म्हणजे गप्प) हा ऑप्शन लावला. 11 मिनिटं पडदा कोरा. बिल्ड अडकला की लाइन गेली, काही कळेना. शेवटी कंट्रोल-सी मारलं. शिवाय कंपायलरच्या वॉर्निंगही गेल्या, त्या मला पाहिजेतच. काय करावं?

उत्तर (रत्नागिरी)
-क्यू काढा. त्यात फक्त एरर उरतात. तुम्हाला हवं ते -एनटीपी, म्हणजे नो ट्रान्सफर प्रोग्रेस. मेव्हन 3.6.1 पासून आहे. नुसत्या -बीने (बॅच मोड) पुढे सरकणारे आकडे थांबतात, डाउनलोडच्या ओळी राहतात. -एनटीपीने त्याही जातात. दोन्ही लावा.

रोज टाइप करायची गरज नाही. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरात .एमव्हीएन फोल्डर करा, त्यात मेव्हन.कॉन्फिग फाइल. एका ओळीवर एकच ऑप्शन लिहा, कारण 3.9 पासून तसंच लागतं. फाइल कमिट करा म्हणजे सगळ्या टीमला लागू होईल.

देवगड
सर्व्हरवर 3.6.3 आहे, चाललं! डाउनलोड गप्प झाले. पण टेस्ट सुरू झाल्या की स्प्रिंग फ्रेमवर्कचा लॉग पुन्हा धो धो येतो.

उत्तर (वेंगुर्ला)
पॉममध्ये (प्रोजेक्टची मेव्हनची फाइल) शुअरफायरच्या, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या प्लगइनच्या, कॉन्फिगरेशनमध्ये रीडायरेक्ट-टेस्ट-आउटपुट-टू-फाइल हे ट्रू करा. प्रत्येक टेस्ट क्लासचा लॉग टार्गेटमधल्या शुअरफायर-रिपोर्ट्समध्ये वेगळ्या फाइलीत जातो. पडद्यावर कुठला क्लास चालू आहे आणि किती टेस्ट पडल्या एवढंच येतं. पडली तर तेवढीच फाइल उघडायची.

आणि बिल्ड टीमक्समध्ये (सर्व्हरवरच टर्मिनल चालू ठेवणारं टूल) चालवा हो. आमच्याकडे पावसात लाइट गेली की राउटरही जातो, एसएसएच तुटतं आणि बिल्ड मधेच मरतो. टीमक्समध्ये तो तिकडे चालू राहतो, परत जोडून बघायचं.

देवगड
ताई, दोन्ही केलं. आधी 2,900 ओळी येत होत्या, आज 140. त्यात तीन वॉर्निंग होत्या, एक जुन्या डेट क्लासची, कित्येक महिने त्या गर्दीत मला दिसलीच नव्हती. ती आत्ता दुरुस्त करतोय.